सात भाऊ आणि एक भूत

भुताच्या सिनेमातली सगळ्यात न पटणारी गोष्ट कोणती? लोक उलटे पाय सांगतात, गरागरा फिरणारी मान सांगतात. ते एकवेळ पटतं. अंगात येणं आपल्याकडे नवं नाही. निवडणुकीच्या तोंडावर तर ज्याच्या-त्याच्या अंगात येतं. मला घाम फुटतो तो श्रेयनामावली वाचताना. कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू, अर्जुन. सात सख्खे रामसे बंधू, धंदा एक. एक लिहितो, दोघं दिग्दर्शन करतात, कोणी कॅमेऱ्यामागे, कोणी ध्वनीवर, कोणी संकलनाला, आणि कोर्टात तारीख कुणाचीच नाही! आमच्या आळीत दोन भावांना पाण्याची एक मोटर सामाईक चालवता येत नाही. (पुढे यथावकाश रामसेंच्याही वाटा फुटल्या. शेवटी माणसंच ती.)

वडिलांनी १९७० साली पृथ्वीराज कपूरना घेऊन ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला. तो आपटला. पण भेसूर मुखवटा घालून चोरीला निघालेले पृथ्वीराज बघायला लोक पुन्हा येत होते, हे पोरांनी हेरलं. म्हणजे पैसे मुखवट्याला मिळतात. मग आत पृथ्वीराज कशाला? मराठी निर्मात्यालाही हेवा वाटावा असा हिशेब! लगेच बसमध्ये माणसं, सामान आणि बायकामुलं भरून मंडळी महाबळेश्वरला गेली. मुक्काम सरकारी विश्रामगृहात, स्वयंपाक घरच्या बायकांचा. १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ असा तयार झाला, साडेतीन लाखांच्या आसपास. धुकं महाबळेश्वरने फुकट दिलं. सरकारी विश्रामगृह भयाण दिसावं म्हणून वेगळा खर्च करावा लागला असेल, असं वाटत नाही.

पण या घराण्याला भाऊबंदकीचा गंध नव्हता असं मात्र म्हणवत नाही, कारण १९८४ चा ‘पुराना मंदिर’. सामरी नावाच्या सैतानाला राजा शिक्षा देतो, ती अशी : मुंडकं पेटीत घालून हवेलीत, धड मंदिरामागे जमिनीत. ही शिक्षा नव्हे, सरळसरळ वाटणी आहे. आपल्याकडे ओसरी थोरल्याकडे आणि विहीर धाकट्याकडे जाते, तशीच. बिचारा सामरी दोन्ही हिस्से एकत्र व्हायची वाट बघत दोनशे वर्षं पडून राहतो आणि मधल्या काळात राजाच्या वंशाला शाप भोगायला लावतो. वडिलोपार्जित मिळकतीत दुसरं होतं तरी काय?

सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल शिक्षणाने इंजिनिअर. त्यांच्या चेहऱ्यामुळे रंगरंगोटीचाही खर्च वाचला, असं म्हणतात ते अन्यायाचं आहे. पण निर्मात्याच्या वहीत अन्यायाचा रकाना नसतो.

शेवटी गावकरी मशाली घेऊन येतात आणि सामरीला जाळतात. त्याचं म्हणणं कोणी ऐकून घेत नाही, नोटीसही बजावत नाही. तलाठ्याकडे साधा फेरफाराचा अर्ज टाकला असता तरी चाललं असतं. दोनशे वर्षांत नोंद झाली नसती, पण निदान पोच मिळाली असती.