हौदाजवळ डॉक्टर हवाच

2023 च्या जानेवारीत पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत, माती विभागात, आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले दोघे भिडले: मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड. टांग लागली, महेंद्रला चार गुण मिळाले आणि त्या चार गुणांवर सोलापुरात चहाच्या टपऱ्या कितीतरी दिवस भांडल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोन संघटनांनी दोन महाराष्ट्र केसरी भरवल्या, एक फुलगावला, दुसरी धाराशिवला. गुण कुणाचे, गदा कुणाची, संघटना कुणाची, सगळं निघालं. पोरांच्या मानेचा विषय तेवढा निघाला नाही.

गावच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड बघा. दोन वस्ताद पोरांना शेजारी उभं करतात, खांद्याला खांदा लावून बघतात, हात वर धरून हौदाभोवती फिरवतात. झाली जोड. वजनकाटा नाही. हलगी कडाडते, लोक ओरडतात, "निकाली पाहिजे!" दमलेलं पोर मान आखडून धरतं आणि वरचा गडी एकचाक डावाला हात घालतो. याच घटकेला कुस्ती सोडवणारा जाणता माणूस लागतो. पंच असतो, पण त्याची नजर पाठीवर, माती लागली का तेवढ्यापुरती.

2018 साली कोल्हापूर जिल्ह्यात जत्रेच्याच कुस्तीत वीस वर्षांच्या मल्लाच्या मानेला मार बसला. काही दिवसांत तो गेला. अशी पोरं घरचे दूध-बदाम घालून वाढवतात हो!

मॅटवरच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीत आधी वैद्यकीय तपासणी होते, वजन होतं आणि डॉक्टरला लढत थांबवता येते. मातीतल्या पोराची मान काय वेगळ्या हाडाची असते? जत्रेच्या लाउडस्पीकरला पोलिसांची परवानगी लागते. तशीच अट कुस्त्यांनाही घाला: जोड ठरण्याआधी वजन, हौदाजवळ डॉक्टर, स्ट्रेचर, दारात रुग्णवाहिका. डॉक्टरनं हात वर केला की कुस्ती सुटली. तिथं वस्तादाचं चालायचं नाही, इनाम देणाऱ्या पुढाऱ्याचंही नाही. शेवटच्या कुस्तीला लाखांत इनाम लावणाऱ्या कमिटीला हा खर्च जड नाही.

आणि मान दुखावलेल्या पोराला चौघांनी हातपाय धरून उचलायचं नाही. जिथं पडलाय तिथंच, मान न हलवता, स्ट्रेचर येईस्तोवर राहू द्यायचं. निवेदकानं पहिल्या कुस्तीआधी एवढं तरी माइकवरून सांगावं.