चित्रगुप्त रजेवर

यमाच्या दरबारात चित्रगुप्ताला रजा किती मिळते याबद्दल पुराणं गप्प आहेत. ऑक्टोबर ते मे अशी सलग बिनपगारी मिळत असावी आणि ती तो मेलबर्नच्या एमी पार्कवर, माझ्या डाव्या हाताच्या खुर्चीत काढत असावा, असा माझा पक्का संशय आहे.

माणूस साठी ओलांडलेला. डोक्यावर मेलबर्न व्हिक्टरी या फुटबॉल क्लबाची गडद निळी टोपी, गळ्यात तसाच मफलर, पायाशी थर्मास, मांडीवर वही. टोपी नि मफलर तिथे हजारोंकडे असतात; वही याच्या एकट्याकडे. आपल्याकडे वाण्याच्या गल्ल्याजवळ लाल कापडाची चोपडी असते ना, तिची ही निळी बहीण. मैदानावर लिहितो ते कच्चं, पेन्सिलीनं. अधिकृत आकडे आले की घरी बसून पक्क्या वहीत शाईनं उतरवतो. पक्की वही मी पाहिलेली नाही. ती घराबाहेर निघत नाही, आणि हा मला घरी बोलवत नाही.

मी इथे आलो तो क्रिकेटवर पोसलेला डोंबिवलीकर. मुलाच्या हट्टापायी मोसमाची दोन तिकिटं काढली. दीड वर्षात मुलाला मिशा फुटल्या आणि तो मित्रांबरोबर उत्तरेकडच्या गोंगाटी स्टँडमध्ये पळाला. मी मात्र चित्रगुप्ताच्या शेजारी अडकलो तो अडकलोच.

पहिल्याच दिवशी मी घोडचूक केली. ओळख वाढवावी म्हणून विचारलं, "तुमचा क्लब आतापर्यंत किती वेळा जिंकलाय?"

त्यानं पेन्सिल कानावर ठेवली. "काय जिंकलाय?"

"म्हणजे... लीग."

"लीग की चॅम्पियनशिप?"

आता लीग जिंकणारा तोच चॅम्पियन, अशी माझी भाबडी समजूत. ऑस्ट्रेलियात तसं नसतं. वर्षभराच्या गुणतक्त्यात जो पहिला येतो तो 'प्रीमियर', त्याला एक ताट मिळतं. मग वरच्या काही संघांच्या बाद फेऱ्या होतात आणि अखेरची ग्रँड फायनल जो मारतो तो 'चॅम्पियन'. वार्षिक परीक्षेत पहिला येणारा मुलगा वेगळा आणि गॅदरिंगला ढाल पटकावणारा वेगळा, तसला प्रकार. व्हिक्टरी प्रीमियर तीनदा: २००६-०७, २००८-०९, २०१४-१५. चॅम्पियन चारदा: तीच तीन वर्षं, अधिक २०१७-१८. हे समजावून सांगण्यात पूर्वार्ध संपला. त्यात एक गोल झाला म्हणतात.

त्या चौथ्या विजेतेपदाचा विषय मात्र आपण काढू नये. २०१८ साली व्हिक्टरी तक्त्यात चौथी आली, तरी धडपडत फायनलला पोचली आणि न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानावर १-० हरवून मोकळी झाली. गोल नवव्या मिनिटाला, कोस्टा बार्बरूसेसचा. त्याआधी आपला एक गडी ऑफसाइड होता. हे पकडायलाच व्हिडिओ रेफ्री नेमलेला होता, पण ऐन त्या क्षणी त्याच्या यंत्रणेतली कॅमेऱ्यांची चित्रंच गेली. आपल्याकडे लाइट जावी तशी. न्यूकॅसलवाले आजही त्या गोलाचं नाव निघालं की दात खातात. मी एकदा धीर करून म्हटलं, "खरं म्हणजे तो गोल व्हायलाच नको होता." चित्रगुप्तानं माझ्याकडे तलाठी बघतो तसं बघितलं. म्हणाला, "मेट, वहीत 'खरं म्हणजे' असा रकाना नाही."

आकड्यांचं वेड या देशाच्या पाण्यातच आहे. ब्रॅडमनची सरासरी ९९.९४, म्हणून इथल्या सरकारी प्रसारणसंस्थेचा, एबीसीचा, टपालपेटीचा क्रमांक ९९९४. आपल्याकडे आकाशवाणीला पत्र पाठवताना विजय मर्चंटची ७१.६४ लिहावी लागली असती तर दादर-माटुंग्याचा ऊर भरून आला असता. पण क्रिकेटच्या आकड्यांना इथे राजमान्यता आहे. त्यांच्या अंडाकृती चेंडूच्या 'फूटी'लाही आहे. गोल चेंडूच्या आकड्यांना कोणी विचारत नाही. 'फुटबॉल' म्हटलं की मेलबर्नकर फूटी समजतो, आणि 'सॉकर' म्हटलं की चित्रगुप्ताच्या कपाळाला आठी पडते. मी मधला मार्ग काढलाय. 'मॅच' म्हणतो.

दुर्लक्षित खेळाची वही म्हणजे शरीकांनी दावा लावलेल्या जमिनीचा सातबारा. नोंदीनोंदीला तंटा. डॉकलँड्सच्या झाकत्या छपराच्या स्टेडियमचंच घ्या. कलोनियल, टेल्स्ट्रा डोम, एतिहाद, मार्व्हल... पैसे देणारा बदलला की नाव बदलतं. इमारत तिथेच, खांब तेच, पाय आखडणाऱ्या खुर्च्याही त्याच. मग 'मैदानानुसार कामगिरी' या तक्त्यात एक ओळ घालायची की तीन? (कलोनियलच्या काळात क्लब जन्मलाच नव्हता, हे त्यानं मला दोनदा बजावलंय.) तीन ओळी घालून त्यानं उजवीकडे एक महिरपी कंस काढला आहे. त्या कंसाचा त्याला कोण अभिमान.

किंवा २४ जुलै २०१३ घ्या. लिव्हरपूल इथे आलं, एमसीजीवर व्हिक्टरीशी खेळलं आणि ९५,४४६ लोक आले. क्लबाच्या कुठल्याही घरच्या सामन्याला एवढी गर्दी झालेली नाही. दुसऱ्या कोणी हा आकडा घराच्या दारावर रंगवला असता. हा म्हणतो, "मैत्रीपूर्ण सामना. धरत नाही." शिवाय त्यातले निम्मेअधिक लाल कपड्यांत होते, हे तो खाली मान घालून सांगतो. वऱ्हाडातली माणसं आपली म्हणून मोजता येत नाहीत. तो धरतो तो आकडा ५५,४३६.

हा मंत्र आहे. १८ फेब्रुवारी २००७, टेल्स्ट्रा डोम, ग्रँड फायनल, व्हिक्टरी ६, अ‍ॅडलेड युनायटेड ०. त्यातले पाच एकट्या आर्ची थॉम्पसनचे, सहावा क्रिस्टियन सार्कीजचा. पहिल्या मोसमात आठ संघांत सातवा आलेला क्लब दुसऱ्या मोसमात थेट हे करून बसला. हा तिथे हजर होता. मला हेवा वाटला. म्हटलं, "कसे होते हो ते पाच गोल?"

"पाच."

"हो, पण मारले कसे?"

त्यानं बराच विचार केला. "सगळे मोजले गेले," म्हणाला.

हे उत्तर वाटतं तितकं खुळचट नाही. त्याच थॉम्पसननं ११ एप्रिल २००१ रोजी कॉफ्स हार्बरला देशाकडून खेळताना अमेरिकन सामोआवर एका सामन्यात १३ गोल चढवले होते. जागतिक विक्रम. ऑस्ट्रेलियाचे एकूण ३१. पण गोल इतके भराभर पडत होते की फलक सांभाळणाऱ्याची मोजणीच हुकली आणि फलकावर ३२ झळकले. आंतरराष्ट्रीय सामन्यांतला सर्वांत मोठा विजय, आणि हिशेबाला एकही शहाणा माणूस नाही! चित्रगुप्त ही गोष्ट सांगतो तेव्हा पंक्तीत तूप वाढायचं राहून गेल्यासारखा त्याचा चेहरा होतो.

एवढं असून याचा लाडका थॉम्पसन नाही. लाडका आहे ली ब्रॉक्सहॅम. बेताच्या उंचीचा, गोलांच्या वाटेला क्वचितच जाणारा, सांगाल त्या जागी खेळणारा. पण क्लबाकडून सर्वाधिक सामने त्याचे. हजेरीपटावर ज्याची एकही लाल खूण नाही त्या विद्यार्थ्याकडे हेडक्लार्क कसा पाहतो, तसं त्यानं ब्रॉक्सहॅमकडे वर्षानुवर्षं पाहिलं.

एका विषयावर तो आपणहून बोलत नाही. त्याचे वडील ग्रीसहून बोटीनं आले आणि ग्रीक मंडळींच्या साउथ मेलबर्न क्लबाचे झाले. जुन्या राष्ट्रीय लीगमध्ये साउथ मेलबर्ननं चार विजेतेपदं मिळवली, शेवटची दोन प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लूच्या हाताखाली. २००४ मध्ये ती लीग बंद पडली, २००५ मध्ये नवी कोरी ए-लीग आली आणि तिच्या दारात साउथ मेलबर्नला जागा नव्हती. नव्या घराचे हिशेब नव्या पानावर. म्हणजे बापाची चार, लेकाची चार, आणि बेरीज करायची नाही. वडिलांच्या चार विजेतेपदांची वही वेगळी आहे, ग्रीकमध्ये आहे आणि वडिलांच्या अक्षरात आहे, एवढंच मला कळलं. तेही थर्मासमधली कॉफी संपली होती आणि पाऊस थांबत नव्हता म्हणून.

१७ एप्रिल २०२१ ची संध्याकाळ मी विसरणार नाही. सहा आठवड्यांपूर्वी मेलबर्न सिटीनं, म्हणजे गावातल्याच शेजाऱ्यांनी, आपल्यावर सहा गोल लादले होते. त्या दिवशी सात लादले. पुन्हा आपल्या नावावर भोपळा. पाच एकट्या जेमी मॅक्लारेनचे. पाचव्यानंतर पुढची रांग शिव्या देत उठली. माझंही बूड हललं होतं, पण हा बसलेला पाहून उठवेना. त्यानं शार्पनर काढला आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं. टोक चांगलं होतं. तरी करत राहिला. साल थर्मासच्या झाकणात, कॉफीत पडत होती. मग ती कॉफी तो प्यायला.

"आपल्या सहात पाच आर्चीचे," तो कुणाला तरी म्हणाला, मला नसावं. "यांच्या सातात पाच याचे." थोड्या वेळानं: "सहा नि सात तेरा." तेराचा आकडा कुठे जाऊन लागतो ते मला तोवर पाठ झालं होतं. मी कॉफ्स हार्बरकडे मान डोलावली.

प्रशिक्षकाला लगेच नारळ मिळाला. क्लब त्या मोसमात बारात बारावा आला. शेवटच्याला इथे 'लाकडी चमचा' म्हणतात. पुढच्या मोसमात मी वहीत डोकावलो तर लाकडी चमच्यासाठी स्वतंत्र रकाना आखलेला, पट्टीनं, इतर रकान्यांइतकाच रुंद. माझी आजी वर्षश्राद्धांची वही ठेवायची, तिच्यात नावडत्या दिरालाही जागा तेवढीच होती.

पण त्याची झोप उडवली ती १७ डिसेंबर २०२२ नं. पुन्हा सिटीशीच सामना. ग्रँड फायनल भरवायचा हक्क लीगनं सिडनीला विकला, या रागानं प्रेक्षक आधीच धुमसत होते. मशाली फेकल्या गेल्या, त्यातली एक सिटीच्या गोलरक्षकानं उचलून परत भिरकावली, माणसं मैदानात घुसली आणि धातूची बादली त्या पोराच्या तोंडावर बसली. बाविसाव्या मिनिटाला सामना बंद. लाज वाटावी असा प्रकार होता, आणि चित्रगुप्तालाही वाटली. घरी जाईपर्यंत वाटली. मग हिशेबाचा प्रश्न उभा राहिला. उरलेला सामना ५ एप्रिल २०२३ ला, बाविसाव्या मिनिटापासून, सिटी १-० पुढे धरून खेळवला गेला. आता तारीख कोणती लिहायची? डिसेंबरात खेळलेला नि एप्रिलमध्ये नसलेला गडी हजर की गैरहजर? प्रेक्षक कधीचे मोजायचे? आपल्याकडे एकादशी दोन दिवस आली की स्मार्तांची वेगळी, भागवतांची वेगळी, अशी सोय आहे. मी ती त्याला सुचवली. त्याला फार आवडली. हल्ली वहीत त्या सामन्यापुढे दोन तारखा आहेत.

उत्तरार्धात कधीतरी पडद्यावर प्रेक्षकसंख्या येते. त्याआधी तो मान वळवून चारी बाजूंना नजर टाकतो आणि आकडा पुटपुटतो. अंदाज शे-दीडशेच्या आत. मी एकदा मीट पायची पैज लावून हरलो. कोपऱ्यात शाळेच्या पोरांची सहल आली होती, ती मी धरली नव्हती.

गेल्या मोसमात तो स्वच्छतागृहात गेला आणि वही खुर्चीवर राहिली. चाळू नये हे कळत होतं. चाळली. शेवटच्या पानावर तीन रकाने होते आणि त्यांत पाचापाचाच्या जुड्या बांधलेल्या रेघा. वर मथळा: 'इंडियन, उजवीकडचा'. रकाने: आला, आला नाही, पायच्या रांगेत. मी नसताना विजयाच्या जुड्या जोमदार. मी हजर असताना किरकोळ, जून महिन्यातल्या मेथीच्या जुडीसारख्या. थोडक्यात, आपल्याकडे सासुरवाडीत कुजबुजतात ते इथे मला तक्त्यात मांडून मिळालं होतं. मी पांढऱ्या पायाचा आहे.

तिसरा रकाना मात्र गच्च भरला होता.

तो परत आला. मी काही बोललो नाही, तोही नाही. ऐंशीव्या मिनिटाला फलकावर ०-० होतं. त्यानं खिशातून वीस डॉलरची नोट काढून समोर बघतच माझ्या हातात ठेवली. "मेट, दोन पाय. सावकाश ये."

पायच्या खिडकीशी माझ्यापुढे सात माणसं होती. हो, मोजली. चौथ्याचा सॉस सांडला, म्हणून खोळंबा झाला, आणि तेवढ्यात मागून अख्खं स्टँड उठल्याचा आवाज आला. रांगेतले सगळे पाय टाकून धावले. मी जागचा हललो नाही. आपलाच गोल होता, याबद्दल मला शंका नव्हती. आणि आता या क्षणी तो वर बघत नसून घड्याळात बघून मिनिट लिहितोय, याबद्दल तर त्याहून नव्हती.