शुचिर्भूत बुलेटवाले

पुण्यातल्या कोणत्याही गृहरचना संस्थेच्या आवारात रविवारी सकाळी सातच्या सुमारास डोकावले असता, अर्धी विजार, भोकाभोकांचा गंजीफ्रॉक आणि दोन दिवसांची दाढी अशा थाटात बुलेटपुढे उकिडवे बसलेले एक मध्यमवयीन गृहस्थ हटकून दृष्टीस पडतात. आणि त्यांच्या स्वतःच्या स्नानाचा योग दुपारी बाराच्या आत येण्याची सुतराम शक्यता नसली, तरी वाहनाचे स्नान मात्र ऊन चढण्यापूर्वी यथासांग आटोपलेच पाहिजे, हा त्यांचा दंडक असतो. ऊन चढले की शांपू अंगावरच वाळतो आणि त्याचे डाग राहतात, असे त्याचे कारण ते सांगतात. कचेरीत त्यांच्या टेबलावरील फायलींवर बोटभर धूळ साचलेली असते, परंतु ती सरकारी धूळ असल्यामुळे तिच्याशी त्यांचे वैर नसते.

आमच्या इमारतीतले बुलेटवाले विचाराने पक्के सुधारक. तरुणपणी आगरकरांचा हवाला देऊन देऊन त्यांनी घरातले सोवळे मोडीत काढले, आईची धाबळी माळ्यावर रवाना केली आणि स्वयंपाकघरात चपला घालून वावरण्याचा हक्क बजावला. पण सोवळे ही वस्तू मोठी चिवट; वरच्या मजल्यावरून तिची हकालपट्टी झाली, तर ती निमूटपणे जिना उतरते आणि वाहनतळात बिऱ्हाड थाटते.

त्यांच्या फडक्यांचा कारभार एकवार पाहावा. टाकीचे फडके निराळे, मडगार्डांचे निराळे, चाकांचे निराळे, आणि चेनीचे तर इतके निराळे, की ते बाकीच्यांच्या वाऱ्यालाही उभे करू नये असा सक्त हुकूम. टाकीसाठीचे मायक्रोफायबरचे मऊ फडके उंच खुंटीवर एकटे वाळत असते, आणि घरातल्या कोणाचा हात त्याला लागला तर पुन्हा धुतल्यावाचून ते कामास घेतले जात नाही. जुन्या बनियनांची मजल फार तर चाकांपर्यंत. आणि चेनीच्या नशिबी निखळ पोतेरे. हातातले फडके चुकून जमिनीला टेकले, की ते तत्क्षणी ओवळे ठरून बादलीत जाते. यामागे शास्त्र आहे हे मी नाकारीत नाही. फरशीवरचा वाळूचा एखादा कण फडक्यात अडकला आणि तेच फडके टाकीवरून गोल गोल फिरले, तर रंगावरच्या पारदर्शक लेपावर बारीक ओरखडे उठतात, व ते सावलीत लपून राहिले तरी उन्हात हटकून चुगली करतात. परंतु शास्त्र तर आपल्याही सोवळ्यामागे आहे, असे त्यांच्या मातोश्री जन्मभर सांगत आल्या होत्या, आणि तेव्हा चिरंजीवांना ते मंजूर नव्हते.

पाण्याचीही तीच कथा. बोअरचे पाणी त्यांना वर्ज्य, कारण त्यातले क्षार वाळल्यावर क्रोमवर पांढरे ठिपके ठेवून जातात. तेव्हा महापालिकेचे, म्हणजे खडकवासल्याचे, पाणी नळाला येण्याची ते चातकासारखी वाट पाहतात, आणि आले की गृहलक्ष्मीच्या डाळ-तांदळाआधी त्यांच्या दोन बादल्या भरतात. एकीत शांपू, दुसरीत निव्वळ पाणी. मळके फडके आधी दुसरीत खळबळून मगच पहिलीत बुडवायचे. कपड्यांची पावडर वापरणारा इसम त्यांच्या लेखी पतित, कारण ती पावडर टाकीवरचे मेण धुऊन नेते.

इंजिन पुरते निवल्याखेरीज त्याला पाणी दाखवायचे नाही, या कारणास्तव शनिवारी संध्याकाळपासून वाहनाची हालचाल बंद असते. मग सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधली जाते. पहिला मान चेनीचा, कारण तिचे शिंतोडे उडतात: रॉकेलात बुडविलेला टूथब्रश एकेका कडीतून फिरतो, मागून कोरडे पोतेरे, मागून नव्वद नंबरचे तेल थेंबाथेंबाने, आणि जास्तीचे तेल पुन्हा पुसून. टूथब्रश पुरेसा झिजला आहे की नाही, याचा निवाडा करण्याचा अखत्यार घरात त्यांनी आपल्याकडे घेतला असल्यामुळे, मुलांचे टूथब्रश अकालीच निवृत्त होतात. इतक्या उपद्व्यापानंतर ती जुनी बुलेट इंजिनाखाली तेलाचा एक थेंब टाकतेच; त्यासाठी खाली पुठ्ठा असतो, व त्यावरचा डाग गेल्या रविवारच्या डागापेक्षा मोठा की लहान, हे ते वैद्याच्या गांभीर्याने पाहतात.

या वाहनाच्या कुळाविषयी त्यांना विचारू नये. विचारले तर निदान तासाची निश्चिंती. मूळ घराणे इंग्लंडातल्या रेडिच गावचे. १९५५ साली मद्रासेत कंपनी निघून तिचा तिथे जम बसला, आणि तिकडची गादी खालसा झाल्यावरही इकडची शाखा नांदती राहिली. त्यांच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आहे, आणि तो डाव्या पायाशी नेणाऱ्यांना त्यांनी अद्याप क्षमा केलेली नाही. टाकीवरच्या सोनेरी रेघा कारखान्यात माणसाने हाताने ओढलेल्या असतात, हे सांगताना त्यांचा स्वर कातर होतो, आणि त्या रेघांवरून मेण फिरविताना ते श्वाससुद्धा बेताने घेतात.

अशाच एका रविवारी मेण लावता लावता त्यांच्या हातून टाकीचे फडके निसटले. दुसरे धुतलेले शिल्लक नव्हते, नळ गेला होता, मेण वाळू लागले होते. त्यांनी डावीउजवीकडे पाहिले, कोणी बघत नाही अशी खात्री करून घेतली, फडके उचलले, दोनदा झटकले आणि टाकीकडे नेले, तोच पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, जपमाळ न थांबविता, मातोश्रींचा शांत आवाज आला, "अरे, ते खाली पडलेलं आहे. ठेव ते. माझं धुतलेलं पटकुर देते." सुधारकाने मान खाली घालून ठेवले. वरून आलेले पटकुर त्याच माळ्यावरच्या धाबळीत गुंडाळून ठेवलेले होते, हे मला मागाहून कळले.

खंडेनवमीला मात्र माय-लेकांचे पुन्हा बिनसते. पूजेला त्यांची ना नाही. ते म्हणतात, शस्त्राची होते तर यंत्राची का नको. अडचण साहित्याची. हळदीकुंकवाचे बोट टाकीला लागता कामा नये, टायरला लावावे. झेंडूच्या माळेत तार नको, सुती दोरा हवा. आणि नारळ वाहनापासून दहा हात लांब, तोही वाऱ्याची दिशा पाहून फोडावा. या अटी ऐकून मातोश्री म्हणतात, "माझं सोवळं एवढं कडक नव्हतं रे बाबा."

रविवारी संध्याकाळी पाच वाजता चकचकीत बुलेट मुख्य स्टँडवर चढवून, तीवर सुती चादर घालून ते वर जातात. मागे एकदा संध्याकाळी शेजारच्या मुलाला तातडीने स्टेशनवर जायचे होते, म्हणून त्याने भीतभीत किल्ली मागितली. बुलेटवाल्यांनी त्याला प्रेमाने खुर्चीवर बसविले, पाणी दिले, रस्त्यावर कुठे कुठे खोदकाम चालू आहे त्याची साद्यंत माहिती दिली, आणि शेवटी स्वतः चौकापर्यंत चालत जाऊन, रिक्षा ठरवून, भाडे आगाऊ दिले.