बँकच हवी!

सोमाटणे फाट्यावरून जुन्या हायवेने निघा. वडगाव, कामशेत, कार्ला, लोणावळा. नजर पहिल्या मजल्यावर ठेवा. 'ऑफिस भाड्याने देणे आहे.' पाटीवरचा नंबर उन्हापावसाने पुसट झालाय. मालकाच्या डोक्यातला आकडा मात्र ठळक!

कोण हवंय, विचारा. "बँक आली तर बघू." गाळा अडीचशे फुटांचा, पार्किंग नाही, जिना अंधारा. बँकेचं राहू द्या, तिजोरी तरी त्या जिन्याने वर चढेल का?

दारात येतात वकील, सीए, विमा एजंट, टूर्सवाले. "छोटी माणसं, भाडं बुडवतील." रिकामा गाळा दरमहा न चुकता भाडं बुडवतो. त्याच्यावर कुणाचा संशय नाही.

वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येणार, अशी हवा झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये प्रकल्प गुजरातला गेला. पुढच्या वर्षी ती भागीदारीच मोडली. इथल्या गाळ्याचा भाव अजून सेमीकंडक्टरचाच.

"पण ह्युंदाई आली ना!" आली. जनरल मोटर्सचा अख्खा कारखाना घेऊन एमआयडीसीत बसली. तुमच्या माळ्यावर कशाला येईल?

लोणावळ्याचा हिशेब आणखी न्यारा. बंगला शनिवार-रविवारी किती देतो, त्यावर ऑफिसचं भाडं ठरतं. पाऊस पडला की भुशी डॅमवर गर्दी होते. नोटरीकडे नाही.

चुकून भाडेकरू मिळालाच, तर पुढची हुशारी. "अकरा महिन्यांचाच करार, नोंदणी कशाला?"

कोणी सांगितलं?

भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नसेल, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं. खोटं ठरवायची जबाबदारी मालकावर. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदणी फी वाचवली किती? कामशेतला ५०० रुपये, लोणावळ्यात हजार.

आता साधी वजाबाकी. दहा हजारांवर अडून वर्षभर गाळा रिकामा ठेवला, एक लाख वीस हजार गेले. आठ हजारांना दिला असता, तर चोवीस हजारच कमी मिळाले असते.

गिऱ्हाईक नाही, ही तक्रार खोटी आहे. आकडा खाली आणा, जिन्यात दिवा लावा, करार नोंदवा. भाडेकरू त्याच गल्लीत जागा शोधत फिरतोय.