वेळापत्रकाचा चौथा रकाना

शिकायचं ठरवलं की माणूस आधी वही घेतो. पुस्तक त्यानंतर, गुरू त्याच्याही नंतर आणि प्रत्यक्ष शिकणं जमलंच तर सवडीनं. जून महिन्यात बार्शीटाकळीच्या बाजारात वह्यांच्या दुकानापुढे पोरांची झुंबड उडालेली असते आणि त्या गर्दीत दोन-चार मोठी माणसं अंग चोरून उभी असतात. कोणाला स्पर्धा परीक्षेची तयारी करायची असते, कोणाला सतरा नंबरचा फॉर्म भरून राहून गेलेली दहावी गाठायची असते. एखादीनं मुक्त विद्यापीठात नाव घातलेलं असतं. दुकानदार सवयीनं विचारतो, "कितवीत हाय पोरगा?" मग ती माणसं खालच्या आवाजात सांगतात की पोरासाठी नाही, आपल्यासाठीच पाहिजे.

नोकरीतून मोकळा झाल्यावर त्या गर्दीत मीही जाऊन उभा राहिलो. मला मोडी शिकायची होती. घरात माळ्यावरच्या पेटीत जुन्या कागदांचं एक बोचकं होतं. दर दिवाळीला ते झटकायचं, उन्हात ठेवायचं आणि पुन्हा आत टाकायचं, एवढाच आमच्या घराण्याचा त्या कागदांशी संबंध. त्यात काय लिहिलंय ते कोणालाच ठाऊक नसल्यामुळे त्यात फार मोठं काहीतरी लिहिलेलं आहे याबद्दल घरात एकमत होतं.

वही आली तसं वेळापत्रक आखायला घेतलं. वेळापत्रक आखण्याइतकं सुख अभ्यासात दुसऱ्या कशातच नाही. पट्टी घ्यावी, रकाने पाडावेत, लाल शाईनं मथळे घालावेत: वेळ, विषय, झालं की नाही. पहाटे चारला उठणारा, चहाआधी दोन पानं गिरवणारा, दुपारी न झोपणारा असा एक माणूस त्या चौकटींमधून डोकावू लागतो. तो आपल्याच नावाचा असतो, पण आपली त्याची ओळख नसते. गावच्या अभ्यासिकेत पोरांच्या टेबलांवर चिकटवलेली वेळापत्रकं मी पाहिली आहेत. राज्यशास्त्र हिरव्यात, अंकगणित निळ्यात, चालू घडामोडी भगव्यात. इतक्या रंगांनंतर अभ्यासाला शाई उरते कुठं, असा प्रश्न पडावा.

पुढं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. मृगात पाऊस येतो, लोक सोयाबीन पेरून मोकळे होतात, मग पाऊस असा दडी मारतो की दुबार पेरणीवाचून गत्यंतर राहत नाही. वेळापत्रकाचंही अगदी तसंच होतं. लग्नसराई निघते, पाहुणे येतात, अकोल्याला डॉक्टरकडे जायचं असतं, आणि मे महिन्यात तर कूलरमध्ये पाणी भरणं हाच एक स्वतंत्र विषय होऊन बसतो. मग नवं पान, नवे रकाने आणि मनाशी ठाम वाक्य: आता सोमवारपासून. आठवड्यात सोमवार एकच ठेवणाऱ्यानं आम्हा स्वयंशिक्षितांवर मोठे उपकार केले आहेत. त्यामुळे उरलेले सहा दिवस तयारीला मिळतात.

"काय शिकून राह्यले भाऊ?" शेजारचे काकाजी एकदा ओट्यावर येऊन टेकले.

"मोडी."

"मोडी? थे कायले? जमीन-गिमीन निंगाली काय जुनी?"

प्रश्न अगदी गैरलागू नव्हता. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात अचानक मोडी वाचणाऱ्या माणसांची चणचण भासू लागली. तोवर ज्यांना घरचेही विचारत नव्हते, त्या मोडीच्या जाणकारांना कचेऱ्यांतून बोलावणी आली. आपल्या आज्यापणज्यांचं अक्षर आपल्यालाच वाचता येत नाही, हे सगळ्यांना एकाच वेळी उमगलं.

मोडी शिकायला बसलं की पहिले काही दिवस नुसती ओळ ओढण्यात जातात. बालबोधीत आपण अक्षर काढतो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ देतो. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची. बोरू शक्य तितका उचलायचा नाही. शब्दाशब्दांत जागा सोडायची नाही. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायची नाही. हा नियम वाचल्यावर मला शाळेतल्या शुद्धलेखनाच्या तासांबद्दल उशिरा का होईना, न्याय मिळाल्यासारखं वाटलं. लिहिणाऱ्याला घाई होती आणि वाचणाऱ्याला विषय ठाऊक होता, म्हणून ही लिपी चालली. १८१० साली विल्यम केरीनं श्रीरामपूरला मराठीचा कोश छापला, तो मोडी खिळ्यांनी. तिकडे बंगालमध्ये मोडीचे खिळे पडत होते, आणि इकडे माझ्या घरात त्याच लिपीतलं बोचकं बिनवाचलेलं.

मी मोडी शिकतोय ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही, आणि ती माझ्या प्रगतीच्या बरीच पुढं निघून गेली. आमच्या गावात काळंका देवीचं जुनं मंदिर आहे, दगडी, कोरीव, सगळे हेमाडपंती म्हणतात ते. त्यात एक शिलालेख आहे. काकाजींनी दोन आणि दोन चार केले. "मोडी कोनं आनली? हेमाडपंतानं. देऊळ कोनाचं? हेमाडपंती. मंग थो दगड वाचून सांगा ना बाप्पा एकदाचा!"

हेमाडपंतांनी मोडी लंकेहून आणली ही दंतकथा मीही ऐकलेली होती, त्यामुळे काकाजींचा युक्तिवाद मला क्षणभर बिनतोड वाटला. पण शिलालेख आहे शके १०९८चा, म्हणजे इसवी सन ११७६च्या आसपासचा. आणि हेमाद्री पंडित देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांच्या पदरी होते, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे हेमाडपंतांच्या कारभाराच्या ऐंशीएक वर्षं आधीच आमचं हेमाडपंती मंदिर उभं होतं. शिवाय लेखाची लिपी जुनी नागरी आणि भाषा संस्कृत. त्याला माझी मोडी काय उपयोगाची! हे काकाजींना समजावता यावं म्हणून मला यादवांची वंशावळ वाचावी लागली, शक आणि इसवी सन यांतला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा फरक पक्का करावा लागला, मंदिराभोवती दोनदा हिंडून दगड नीट पाहावे लागले. जन्मापासून त्या देवळात जात होतो. पाहिलं ते काकाजींनी विचारल्यावर. यातलं काहीही वेळापत्रकात नव्हतं. तिसऱ्या रकान्यात त्या आठवड्यापुढे "झालं नाही" असंच लिहिलं आहे.

मला विनोबा आठवले ते इथं.

विनोबांनी मार्च १९१६मध्ये घर सोडलं. इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला म्हणून निघाले आणि सुरतेला गाडीतून उतरून काशीची वाट धरली. त्याआधी शाळा-कॉलेजचे दाखले त्यांनी आईसमोर चुलीत घातले होते. त्यांच्याइतकं वेळापत्रकाचं पक्कं माणूस मराठी मुलखात क्वचितच झालं असेल. गांधीजींच्या आश्रमात आल्यावर १९१७मध्ये त्यांनी एक वर्षाची रजा मागितली आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे उपनिषदं, ब्रह्मसूत्रं शिकायला जाऊन बसले. रजा एक वर्षाची, आणि परतले तेही वर्ष भरलं त्याच दिवशी. हे वाचलं की माझा सोमवार मान खाली घालतो.

पण मला भुरळ पडली ती वर्षाच्या शेवटी त्यांनी गांधीजींना लिहिलेल्या पत्राची. वर्षभरात काय केलं त्याचा तो पाढा आहे. त्यात ग्रंथ आहेत, तसं दळणही आहे. वाचनालय उभं करायचं म्हणून विद्यार्थ्यांनी जात्यावर दळून पैसे जमवले. पायी झालेला सुमारे चारशे मैलांचा प्रवास आहे. रायगड, सिंहगड, तोरणा आहेत. स्वतः शिकता शिकता दुसऱ्यांना गीता शिकवल्याचं आहे. हे सगळं निघताना ठरलेलं असेल असं मला वाटत नाही. वर्षभर जगून झाल्यावर, कोणाला तरी सांगायचं म्हणून बसल्यावर, यातलं शिकणं कोणतं ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. पत्र वाचून गांधीजींनी त्यांना भीम म्हटलं आणि गोरखनाथानं मच्छिंद्रनाथावर मात केली असं उद्गारले. असा वाचणारा मिळणार असेल तर कोण माणूस हिशेब द्यायला कुचराई करेल!

पुढे वेल्लोरच्या तुरुंगात विनोबा दक्षिणेच्या चारही भाषा एकदम शिकायला बसले. चार का, असं कोणी विचारलं, तर पाच नाहीत म्हणून, असं त्यांचं उत्तर होतं म्हणतात. हे उत्तर मी घरी देऊन पाहिलं. मोडी, संस्कृत आणि यादवांचा इतिहास एकदम कशाला काढलाय, असं सौभाग्यवतींनी विचारलं होतं. त्यांनी चौथा विषय म्हणून माझ्या हातात दळणाचा डबा दिला. विनोबांचं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलेलं होतं.

स्वतः शिकणं म्हणजे एकट्यानं शिकणं, अशी माझी समजूत होती. तिला आमच्या वऱ्हाडातच फार मोठा छेद मिळालेला आहे. गुलाबराव महाराज १८८१मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीला जन्मले. वर्षाचे व्हायच्या आतच दृष्टी गेली. लोकांनी वाचायचं, त्यांनी ऐकायचं. जो भेटेल त्याच्याकडून वाचून घ्यायचं. अशानं त्यांनी वेदान्तापासून डार्विन आणि स्पेन्सरपर्यंत मजल मारली, शंभराहून जास्त ग्रंथ सांगून लिहवले, नावंग नावाची स्वतःची एक भाषा रचली, आणि १९१५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. शाळा नाही, वर्ग नाही, वेळापत्रक लावायला डोळ्यांसमोर भिंत नाही. त्यांच्या माधान गावाच्या आसपास ज्यांनी ज्यांनी त्यांना पोथ्या वाचून दाखवल्या असतील, त्यांतल्या कित्येकांना आपण काय वाचतोय ते कळलंही नसेल. पण ऐकणारा असा असला की वाचणाऱ्यालाही ओळ घाईनं टाकून पुढं जाता येत नाही.

एवढं सगळं कळल्यावर मी वेळापत्रकाला चौथा रकाना पाडला. मथळा घातला: कोणाला सांगायचं. तो भरायला अडचण आली नाही. संध्याकाळ झाली की काकाजी ओट्यावर हजर असतातच, आणि त्यांचा प्रश्नही ठरलेला: "आज कोठवर आलं?" त्यांना टाळण्यासाठी मी एकदा मागच्या दारानं निघालो, तर ते मागच्या आळीत उभे. तेव्हापासून मी दुपारी थोडं तरी वाचून ठेवतो. पहाटे चारचा रकाना मात्र कायमचा खोडला आहे. त्या वेळी उठणारा माणूस आमच्या घरी अजून राहायला आलेला नाही.

बोचक्यातला पहिला पूर्ण कागद लागला तेव्हा आधी वाचता आले ते आकडे, कारण मोडीतले आकडे बरेचसे ओळखीचे. रक्कम कळली, पुढचे आणे कळले. कोणी दिले आणि कोणी घेतले ते कळायला मात्र बराच काळ गेला. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की पणजोबांची सावकारी होती, अर्धा गाव त्यांच्या वहीत होता. कागद म्हणत होता की सरकी आणि ढेपेसाठी पैसे घेतले ते पणजोबांनी. आणि देणाऱ्याचं आडनाव नीट जुळवलं तर ते निघालं काकाजींचं.

चौथा रकाना समोर होता, त्यामुळे संध्याकाळी सांगणं भाग होतं. काकाजींनी सगळं शांतपणे ऐकलं. कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला, आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मले तं वाटे तुमचं थे मोडी-गिडी रिकामपनचं काम हाय. हे तं लय कामाचं निंगालं. आता व्याजाचं कसं करता?"

मी म्हणालो, फेडल्याचा कागदही याच बोचक्यात असणार.

"मंग शोधा ना जी," काकाजी म्हणाले, "म्या रोज येतो."

बोचक्यात अजून बरेच कागद आहेत आणि मोडी मला आता कुठं अडखळत वाचता येते. पण सोमवारची वाट पाहायची सोय संपली आहे. त्यातून काकाजींनी माझ्याकडून मुळाक्षरांचा तक्ता मागून नेलाय. फेडीचा कागद मी बरोबर वाचतो की नाही, ते त्यांना स्वतः तपासायचं आहे.