थांबलेलं बोट

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सोसायटीचा हॉल बायकांनी भरलेला. यजमानीणबाईंचा हात झपाझप चालला होता. हळद, कुंकू, तिळगूळ, वाण, पुढची. माझ्या मामेबहिणीचा नंबर आला. कुंकवाचं बोट तिच्या कपाळाकडे निघालं आणि वाटेतच थांबलं. मग करंडा पुढे आला. "तूच लावून घे गं."

मामेबहिणीच्या उजव्या भुवईवर रुपयाएवढा पांढरा डाग आहे.

ती हसली. कुंकू लावलं, वाण पिशवीत टाकलं, घरी गेली. पुढच्या वर्षी आली नाही. का आली नाही, हे कुणी विचारलंही नाही.

ते बोट कशाला भ्यालं?

लागण होईल म्हणून? कोड लागत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा चुकून शत्रू समजते आणि मारून टाकते. रंग बनायचा थांबतो, तेवढी जागा पांढरी पडते. यात जंतू नाही, विषाणू नाही. एका ताटात जेवा, एक टॉवेल वापरा, मिठी मारा. शंभरातल्या एखाद्याला कोड असतं. म्हणजे गर्दीच्या वेळच्या लोकलच्या डब्यात दोन-तीन जण तरी असणारच. इतक्या वर्षांत त्या डब्यातून कोण कोड घेऊन उतरलं?

भीती डागाची नाही, नावाची आहे. 'कोड' हा शब्द संस्कृतातल्या 'कुष्ठ'वरून आला. हिंदीत 'कोढ़' म्हणजे आजही कुष्ठरोग. जुन्या बायकांच्या तोंडी 'श्वेतकुष्ठ' असायचं. दोन आजारांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण नाव एक झालं आणि एकाची दहशत दुसऱ्याच्या माथी बसली.

भीती उसनी, आणि तीही शिळी.

कारण ज्या कुष्ठरोगावरून ती उसनी घेतली, तोही आता पूर्ण बरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्यावरच्या बहुविध औषधोपचाराची शिफारस केली १९८१ साली. आपल्या विवाह कायद्यांतून 'जोडीदाराला कुष्ठरोग' हे घटस्फोटाचं कारण निघालं २०१९ साली. औषध आलं, त्यानंतर कायद्याला हलायला ३८ वर्षं लागली. सोसायटीच्या हॉलला किती लागणार?

मराठीत आणखी एक कोड आहे. लाडाचं. लेकीचं कोड पुरवायचं, कोडकौतुक करायचं. त्याच लेकीच्या मानेवर दुसरं कोड उमटलं, की पहिलं त्याच दिवशी संपतं.

मग सुरू होते चौकशी. पहिली उलटतपासणी आईची. "गरोदरपणी काय खाल्लंस? माशांवर दूध प्यायलीस का?" बंगालमध्ये दह्यातले मासे, 'दोई माछ', पंगतीत वाढतात. मासे आणि दूध पोटात एकत्र आल्याने कोड फुटतं, याला कसलाही आधार नाही. तरी ती आई वर्षानुवर्षं रात्री पडल्या पडल्या ते जेवण आठवत राहते. तिच्या अंगावर डाग नाही. झोप मात्र तिचीही गेली.

पाठोपाठ येतो सल्ला. बावचीचं तेल लाव आणि गच्चीवर उन्हात बस. बावचीत गुण आहे, हे खरं. तिच्यातलं सोरालेन त्वचेला प्रकाशाबाबत हळवं करतं. डॉक्टर ते मोजून देतात आणि प्रकाशही मोजून देतात. गच्चीवर कोण काय मोजणार? मग टरारून फोड येतात. आणि कोड असलेल्या त्वचेला जिथे इजा होते, तिथेच नवा डाग उमटू शकतो. सल्ला शेजारणीचा, डाग पोरीचा.

हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा आरशावर चिकटवलेली टिकली उलटी करून पाहावी. काही टिकल्यांच्या डिंकात असं रसायन असतं, की ते रंगपेशींनाच मारतं. कपाळावर बरोबर टिकलीच्या मापाचा पांढरा गोल उमटतो. काही रबरी चपलांचे पट्टे पावलांवर हेच करतात. टिकली वेळीच थांबवली, तर काहींचा रंग परत येतो. पण पोरीची पत्रिका आधी उघडली जाते, टिकलीचं पाकीट नाही.

पत्रिकेवरून आठवलं. स्थळांच्या जाहिरातींत एक शब्द ठरलेला असतो: 'निर्व्यंग'. हा शब्द लिहिणाऱ्याला एकच विचारावंसं वाटतं. लग्नानंतर तुमच्याच मुलाच्या ओठावर डाग आला तर? कोड कुठल्याही वयात येतं. लग्न ठरताना लपवलं म्हणून भांडता, मग उघड सांगणाऱ्या पोरीला किती घरांनी होकार दिला?

पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे स्वतः सर्जन. त्यांनाही कोड आहे. त्यांनी 'श्वेता असोसिएशन' उभी केली, लोकांना एकत्र आणलं, उघडपणे बोलायला लावलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा चित्रपट २००६ सालचा. त्याची नायिका कोड असलेली डॉक्टर. कोड असलेल्यांसाठी वेगळे वधू-वर मेळावेही भरले. भरवणाऱ्यांनी फार मोठं काम केलं. पण ते वेगळे भरवावे का लागले?

याचं उत्तर आपल्याला पाठ आहे.

आता मुद्द्याचं. कोड दुखत नाही, सहसा खाजतही नाही. ताप येत नाही, जीव जात नाही. मग माझी मामेबहीण का मिटली? बाहीची लांबी ती मोजते. फोटोत कुठल्या बाजूला उभं राहायचं, हे ती हॉलमध्ये शिरण्याआधी ठरवते. लग्नात हातावरच्या डागांना मेकअप लावते आणि मग पंगतीआधी हात धुवायला उठत नाही. बेसिनवर रंग उतरतो ना! चमच्याने जेवते. वरणभातसुद्धा.

हा हिशेब रोजचा आहे. सकाळी उठल्यापासून.

अशा जगण्याचं पुढे काय होतं, हे अभ्यासकांना वारंवार दिसलं आहे. कोड असलेल्यांत नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळते. सोरायसिसचंही तसंच, चेहराभर मुरुमं असलेल्या कॉलेजच्या पोरांचंही तसंच. मनावरचा ताण उलट काहींचा आजारच वाढवतो, असं डॉक्टर सांगतात. डागामुळे ताण, ताणामुळे डाग. या चक्रात मलम एकीकडेच लागतं.

त्वचेचा वरचा थर आणि मेंदू आईच्या पोटात एकाच थरातून तयार होतात. रंगपेशी तर जिथून नसा निघतात, त्याच घरातून निघालेल्या. गर्भात जे एकत्र होतं, त्याची दवाखान्यात दोन वेगळी दारं का?

त्वचेच्या ओपीडीत काय होतं? दिव्याखाली डाग बघतात. डाग कधीपासून, वाढतोय का, घरात कुणाला आहे का, थायरॉइडची तपासणी करून घ्या. सगळं बरोबर, सगळं गरजेचं. पण झोप लागते का? लग्नकार्याला जाणं कधीपासून बंद केलं? हे क्वचितच विचारलं जातं.

विचारायचं कसं, हे माहीत नाही अशातली गोष्ट नाही. कार्डिफच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९९४ साली दहा प्रश्नांचा एक कागद तयार केला. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे लाज वाटली का? कपडे कुठले घालायचे, हे त्वचेने ठरवलं का? बाहेर जाणं, काम, मित्रमैत्रिणी, जोडीदाराशी जवळीक, कशात अडचण आली? बास, एवढंच. दोन-तीन मिनिटांचं काम. पेशंट नंबर येईपर्यंत दोन तास बाकावर बसलेला असतो. तेवढ्यात असे पाच कागद भरून होतील. हातात कागद द्यायला हवा फक्त.

आणि पुरुष? त्यांना तर रडायचीही सोय नाही. "तुला काय करायचंय रंगाचं? तू काय मुलगी आहेस?" दाढीत पांढरा पट्टा उमटलेला मुलगा रोज सकाळी दोनदा दाढी करतो. शाळेत त्याच्या बाकावरचा शेजारी जागा बदलून मागतो आणि शिक्षक ती देतात. बाकाचा प्रश्न सुटला. पोराचा तिथे सुरू झाला.

धीर देणारेही कमी नाहीत. "अगं, काही दिसत नाही." दिसतं. तिला आरसा आहे. "मन सुंदर असलं की झालं." म्हणजे चेहरा नाही, हे सांगून झालं. आणि सगळ्यात लाडकं वाक्य, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

मनाला लावलं कुणी?

मायकल जॅक्सनचं घ्या. १९९३ साली त्याने टीव्हीवर सांगितलं की मला कोड आहे. जग हसलं. गोरा व्हायला बघतोय म्हणालं. २००९ साली तो गेला आणि शवविच्छेदन अहवालात नोंद झाली: कोड. त्याचा स्मृतिदिन, २५ जून, आता जागतिक कोड दिन म्हणून पाळतात. जगातल्या इतक्या प्रसिद्ध माणसालाही आपलं खरं ठरण्यासाठी मरावं लागलं.

उपचार आहेत. मलमं आहेत, मोजून दिलेला प्रकाश आहे, डाग वाढायचा थांबला की त्वचारोपण आहे. २०२२ साली अमेरिकेत कोडासाठी एका नव्या मलमाला मंजुरी मिळाली. चेहऱ्यावर रंग लवकर परततो, बोटांच्या टोकांवर चिवटपणा करतो. महिने लागतात, धीर लागतो. कुणाला उपचार नकोच असतील, डाग घेऊनच जगायचं असेल, तर तोही ज्याचा त्याचा हक्क. त्यावर शेजाऱ्यांचं मत मागवलेलं नाही.

रंगाचं डॉक्टर बघतील. दुसरं दुखणं आपण दिलंय, ते आपणच परत घ्यायचं. न विचारता सल्ला देऊ नका. आईला माशांचं विचारू नका. बाक बदलू नका. टक लावून बघू नका आणि घाईने नजरही वळवू नका. डागाकडे नको, डोळ्यांत बघून बोला. याला डिग्री लागत नाही.

त्या दिवशी मी तिच्या मागेच उभी होते. करंडा पुढे आला तो मी पाहिला, आणि गप्प बसले. माझा नंबर आला तेव्हा तेच बोट माझ्या कपाळाला बिनदिक्कत लागलं. मी ते लावून घेतलं.

यंदा रथसप्तमीच्या आत हळदीकुंकू माझ्याकडे आहे. पहिला फोन तिलाच केला. ती म्हणाली, "बघते."

त्या 'बघते'चा अर्थ मला कळतो. उद्या पुन्हा फोन करणार आहे.