आडनाव विचारणाऱ्या साहेबांस खुले पत्र

माननीय साहेब,

सप्रेम जय भीम. (मायन्यावरूनच तुमचा निम्मा तपास संपला असेल. तेवढाच तुमचा वेळ वाचवला.)

पत्र बोरी अरबहून लिहितो आहे. यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालं की वाटेत लागतं. तुम्हाला पत्ता सांगायची गरज नाही म्हणा, तुम्ही इथले जुने रहिवासी. स्टँडवर चहा घेताना शेजारच्या परक्या माणसाच्या तोंडून किती आपुलकीने विचारायचात: "आडनाव काय जी?" वानखडे म्हटलं की तुमचं घोडं अडायचं, कारण आमच्या वऱ्हाडात वानखडे कुणबी असतात, माळी असतात, बौद्धही असतात. मग, "कोन्ते वानखडे?" तरी उमगलं नाही तर, "गावात घर कोन्त्या बाजूले?" तीन प्रश्नांत माणूस आपल्या जागी. कसलाही फॉर्म नाही, कसला कागद नाही. जनगणनेवाल्यांनी तुमच्याकडे शिकवणी लावायला हवी होती.

मला वाटलं होतं, समाजशास्त्र शिकलो की तुमची गाठ फक्त अभ्यासक्रमात पडेल, 'जातिव्यवस्था' या प्रकरणात. नेट झालो, पीएच.डी. झालो, मुलाखतीला गेलो, तर टेबलापलीकडे तुम्हीच! साहेब, तुमची नेट कधी झाली हो? प्रत्येक निवड समितीवर तुमची नेमणूक बिनबोभाट कशी होते? माझा प्रबंध शहरी मध्यमवर्गाच्या लग्नखर्चावर होता. हुंडा, हॉल, कॅटरर, कर्ज, सगळं मोजलेलं. तुम्ही तो चाळलाही नाहीत. एवढंच विचारलंत, "तुमच्या समाजावर काही काम का नाही केलं?" महिन्याभराने राखीव जागेपुढे शेरा आला: 'एनएफएस', नन फाउंड सुटेबल. कोणीच योग्य आढळलं नाही. जागा आमच्यासाठी राखीव होती हे खरंच आहे. आजही ती राखूनच ठेवलेली आहे, कोणी बसू नये म्हणून.

तुमच्या प्रश्नाचा अर्थ मला पुढे गोपाळ गुरूंच्या २००२ सालच्या 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'तल्या लेखाने उलगडला. सिद्धान्त मांडायचे ते वरच्यांनी आणि अनुभव, आकडे, हुंदके पुरवायचे ते खालच्यांनी, ही भारतीय सामाजिक शास्त्रांतली श्रमविभागणी त्यांनी उघड्यावर आणली. म्हणजे आम्ही नमुना व्हावं, तुम्ही निष्कर्ष काढावेत. मी तुमच्या घरच्या लग्नाचा हिशेब मांडला, हा माझा गुन्हा.

तुम्ही परदेशातही असता, हे वाचून अभिमान वाटला. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस, हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय, १८९६ मध्ये पेन्सिल्वेनिया विद्यापीठाने त्याला फिलाडेल्फियातल्या काळ्या वस्तीचा अभ्यास करायला बोलावलं. गड्याने घरोघर हिंडून ग्रंथ उभा केला. पण वर्गावर शिकवायला दिलं नाही आणि विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात नावही छापलं नाही. काळ्यांवर काम करायला काळा चालतो, गोऱ्यांच्या पोरांना शिकवायला चालत नाही! तुमचंच धोरण, फक्त इंग्रजीत. त्याच ड्यू बॉईसला १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. दोघांनाही छळणारे साहेब एकाच खात्यातले आहेत, हे त्यांना आपसात विचारावं लागलं नसणार. आता तर सिअ‍ॅटल महापालिकेने २०२३ मध्ये जातीय भेदभावाविरुद्ध कायदाच केला. इतका मान परदेशात किती भारतीयांना मिळतो?

आकड्यांशिवाय तुमचा विश्वास बसायचा नाही, तेव्हा तेही घ्या. सुखदेव थोरात आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. (कोणते थोरात, हे तुम्ही पाहिलंच असेल.) त्यांनी आणि पॉल अॅटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव सारखाच, नावं तेवढी वेगळी. २००७ मध्ये निष्कर्ष छापला: बोलावणं येण्याची उच्चवर्णीय हिंदू नावाची संधी १ धरली, तर दलित नावाची ०.६७ आणि मुस्लिम नावाची ०.३३. मुलाखत झालीच नव्हती, साहेब. अर्जदाराने तोंडही उघडलं नव्हतं. गुणवत्ता म्हणता ती तुम्हाला पाकिटावरूनच वाचता येते, ही सिद्धी कोणत्या गुरूकडून मिळवलीत?

मग मोबाइल आला आणि आम्ही खूश झालो. १९२० मध्ये बाबासाहेबांना 'मूकनायक' काढायचा तर शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले तेव्हा जमलं, आणि 'केसरी'ने तर पैसे मोजूनही त्याची जाहिरात छापली नाही. आता बोरीतलं पोरगंही खिशातून फोन काढून थेट प्रक्षेपण करतं. म्हटलं, यंत्राला जात नसते, साहेब आता निवृत्त होतील. तुम्ही कसले निवृत्त होताय! २०२५ मध्ये एका दलित समाजशास्त्रज्ञाने बंगळुरूच्या फेलोशिपसाठी लिहिलेला अर्ज इंग्रजी नीट करायला चॅटजीपीटीला दिला. इंग्रजी नीट झालं, आणि अर्जावर नसलेलं आडनावही आपोआप उमटलं: शर्मा. ईमेलमधल्या एका 'एस'वरून यंत्राने ओळखलं की फेलोशिप मागणारा विद्वान म्हणजे शर्माच असणार. तुम्ही निदान "कोन्ते?" असं विचारायचात तरी. यंत्राने तेवढीही तसदी घेतली नाही. त्याला शिकवलं कोणी? जगभरच्या लिखाणातून ते शिकलं म्हणतात. ते लिखाण कुणाच्या हातचं, हे तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक?

असो. तक्रारीसाठी हे पत्र नाही. पुढच्या संशोधनाचा विषय मी ठरवला आहे: तुम्ही. 'माझ्या समाजावर काम' अखेर हाती घेतोय, कारण तुम्हीही माझ्याच समाजात राहता. आजवर माहिती आम्ही पुरवली, आता तुमची पाळी. प्रश्नावली सोबत जोडली आहे. आजपर्यंत किती समित्यांवर बसलात? त्यातल्या किती राखीव जागांवर 'एनएफएस' लिहिलंत? लिहिण्याआधी किती प्रबंध उघडून वाचलेत? तुमच्या विभागात मागच्या तीस वर्षांत प्राध्यापक झालेल्यांची यादी द्या, शाईने, खाडाखोड न करता. अनुभवकथन पुरेल. सिद्धान्त मी मांडीन.

उत्तरं इंग्रजीत दिलीत तरी चालतील. भाषा सुधारायला यंत्राकडे टाकलीत तरी माझी हरकत नाही, तुमचं आडनाव ते बदलणार नाही.

कळावे,
वानखडे
बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ